फोल्डरच्या कॉप्या काढायला शिकवू नका हो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॉलेजच्या पोरांसाठी गिटवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अर्धं पान दिलात ते वाचलं. आधी आभार मानतो, कारण मराठी पेपरात कॉम्प्युटरचं म्हणून जे येतं ते बहुतेक नवीन मोबाईल कुठला आला एवढंच असतं, आणि तुम्ही चक्क कमिट (बदलाची पक्की नोंद), ब्रँच (कामाची वेगळी फांदी), मर्ज (दोन फांद्या एकत्र करणं) सगळं मराठीतनं समजावून सांगितलंत, आमच्या ऑफिसातल्या पोरांनी पण चहाच्या वेळी वाचला लेख. पण शेवटी जी चौकट आहे ना, एकाच वेळी दोन कामं आली तर प्रोजेक्टच्या फोल्डरची सरळ कॉपी काढा आणि दोन्हीकडं वेगवेगळं काम करा म्हणून, ती वाचली आणि माझा चहा तिथंच राहिला. ह्याच उपायापायी मी मागच्या वर्षी सतरा बिलं परत छापून दिलोय साहेब, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर माझी रडकथा कापा पण कमांडचा भाग ठेवा.

मी बेळगावातल्या वडगावचा. खाली आमच्या अप्पांचे माग होते, वरच्या माडीवर आता आमचं ऑफिस आहे, ऑफिस म्हणजे काय, चार टेबलं, एक प्रिंटर आणि एक यूपीएस जो लाईट गेली की कोकलतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना आणि मशीन शॉपवाल्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो, दोन पतसंस्था पण आहेत. सेटअप काढायचं धड मशीन त्या वेळी एकच होतं, त्यावरच आम्ही आळीपाळीनं बसायचो, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता शिनोळी कुठं आहे ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा करत बाची ओलांडली की शिनोळी, गाडीवरनं किती वेळ लागतोय, पण तालुका चंदगड, म्हणजे महाराष्ट्र. उद्यमबागेतनं तिकडं कास्टिंगची गाडी गेली की माल दुसऱ्या राज्यात गेला, मग बिलावर ९ टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि ९ टक्के राज्याचा एसजीएसटी असलं चालत नाही, सरळ १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेर जाणाऱ्या मालाचा टॅक्स, लागतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जुना गाढवपणा होता, माझाच, टॅक्स कुठला लावायचा ते गिऱ्हाइकाच्या पत्त्यातल्या शहरावरनं ठरायचं, आणि शिनोळीच्या एका कारखान्यानं पत्ता देताना शेवटी व्हाया बेळगाव असं लिहिलेलं. सॉफ्टवेअरनं बेळगाव हा शब्द बघितला आणि ठरवलं की हे आपल्यातलेच. म्हणजे इतकी वर्षं कोर्टात पडलेला सीमाप्रश्न आमच्या सॉफ्टवेअरनं परस्पर सोडवून टाकला, आणि तो पण उलट्या बाजूनं, शिनोळी कर्नाटकात घालून!

दुरुस्ती चार ओळींची होती. शहर बघायचंच नाही, जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे, २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र, आणि माल कुठं उतरणार ते राज्य बघायचं. पण मी त्या वेळी ई-वे बिल जोडायच्या मोठ्या कामात अर्ध्यावर होतो, निम्म्या फाईली उघड्या पडलेल्या, प्रोग्रॅम बिल्डसुद्धा (म्हणजे कोडमधनं चालवण्याजोगा तयार) होत नव्हता, तसल्यात ही घाई आली. मग मी तेच सांगितलं जे तुमच्या चौकटीत आहे, फोल्डरची कॉपी काढा रे आणि त्यात करा. आमच्याकडं एक पोरगा बैलहोंगलचा आणि एक येळ्ळूरचा, दोघांनी दोन कॉप्या काढल्या, बैलहोंगलच्यानं कॉपीला नाव दिलं होसदु आणि येळ्ळूरच्यानं दिलं नवीन. कन्नड येणाऱ्यांना कळलं असेल, दोन्हीचा अर्थ एकच. दुरुस्ती झाली होसदुमध्ये. मी जाता जाता ओरडून सांगितलं की नवीनमधनं सेटअप काढ आणि देऊन टाक, म्हणजे माझ्या डोक्यात जे नवीन केलंय त्यातनं, आणि त्यानं ऐकलं नवीन नावाच्या फोल्डरमधनं.

तीन आठवडे कुणाला कळलं नाही कारण ९ आणि ९ पण १८ आणि नुसते १८ पण १८, बिलाची बेरीज तीच येते. कळलं ते शिनोळीच्या अकाउंटंटला, त्यांना कर्नाटकच्या एसजीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही ना, म्हणजे भरलेला टॅक्स वळता करून घेता येत नाही. मग फोन, मग क्रेडिट नोटा, मग नवीन बिलं. मी पोरांना विचारलं तर बैलहोंगलचा म्हणतो, "सर मी केलोय की, होसदुमध्ये हाय बघा," आणि दाखवलं पण. दुसरा म्हणतो तुम्हीच म्हणाला नवीनमधनं काढ. दोघंही बरोबर, काय बोलणार.

आणि खरा त्रास त्याच्यानंतरचा, तो कुणी सांगत नाही. तोपर्यंत मूळ फोल्डर धरून अशी चार फोल्डरं झालेली, प्रत्येकाच्या पोटात स्वतःची वेगळी डॉट-गिट, म्हणजे गिटची नोंदवही, ह्याच्यातलं कमिट त्याला माहीत नाही, त्याच्यातली ब्रँच ह्याला माहीत नाही, एकात तर पोरानं कमिटच केलेलं नव्हतं, नुसत्या फाईली बदलून ठेवलेल्या. ते सगळं एकत्र आणायला दोन रात्री गेल्या. कुठल्या फाईलीतला बदल मुद्दाम केलाय आणि कुठला नुसता जुना राहिलाय हे डोळ्यांनी ठरवावं लागतं, आणि रात्री साडेअकराला डोळे काय ठरवणार.

आता ह्याला गिटमध्ये दहा वर्षांपासून सरळ उपाय आहे, वर्कट्री म्हणतात त्याला, आणि तुमच्या लेखात त्याचा एक शब्द नाही, माझी तक्रार एवढीच आहे.

अप्पांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मला जे विचारलं त्यातनं मला स्वतःला ते नीट कळलं, म्हणून तसंच सांगतो. त्यांनी विचारलं, मागावर अर्धं लुगडं असताना दुसऱ्या गिऱ्हाइकाची घाई आली तर आपण काय करायचो रे? अर्धं विणलेलं कापून घडी घालून फळीवर ठेवायचो का? नाही. मग शेजारी नवीन घर घेऊन तिथं सुताची नवीन खोली भरायचो का? ते पण नाही. शेजारचा माग रिकामा असायचा त्यावर दुसरं बीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ) चढवायचो, सुताची खोली एकच, हिशोबाची वही एकच, माग तेवढे दोन. संपलं! गिटमध्ये स्टॅश म्हणून जे आहे, अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवायचं, ते म्हणजे अर्धं लुगडं कापून फळीवर ठेवणं, दुसरा क्लोन (सगळ्या नोंदींसकट गिटनं काढलेली प्रत) किंवा फोल्डरची कॉपी म्हणजे नवीन घर, आणि वर्कट्री म्हणजे शेजारचा माग.

लेखात तुम्ही सांगितलंच आहे की प्रोजेक्टमध्ये डॉट-गिट नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं, आजपर्यंतची सगळी कमिटं, ब्रँचा, टॅग त्यात असतात, आणि बाहेर दिसतात त्या फाईली म्हणजे त्यातलीच एक अवस्था बाहेर काढून मांडलेली. नेहमी आपण एका डॉट-गिटला एकच मांडणी ठेवतो. वर्कट्रीमध्ये त्याच एका डॉट-गिटवरनं दुसऱ्या फोल्डरमध्ये दुसरी ब्रँच मांडून ठेवता येते, तिसऱ्यात तिसरी. ही सोय जुलै २०१५ मध्ये गिटच्या २.५ आवृत्तीत आली. गिट स्वतः २००५ च्या एप्रिलमधलं, लिनक्स कर्नलवाले तोपर्यंत बिटकीपर वापरत होते, त्याची फुकटची परवानगी गेली म्हणून लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच लिहायला घेतलं. मधल्या काळात लोक काय करायचे तर गिटबरोबरच एक छोटी स्क्रिप्ट यायची, गिट-न्यू-वर्कडिर, ती सिमलिंक (दुसऱ्या जागेकडं बोट दाखवणारी फाईल) टाकून एकाच डॉट-गिटला दोन फोल्डरं जोडायची. ती मी वापरलेली आहे आणि त्यातनं मार पण खाल्लाय, कारण मूळ रेपोला (म्हणजे डॉट-गिट असलेल्या प्रोजेक्टला) पत्ताच नसायचा की आपल्यावर अजून कोण बसलंय, त्यामुळं एकच ब्रँच दोन्हीकडं उघडली तरी कोण अडवायचं नाही, आणि साफसफाईत दुसऱ्या फोल्डरला लागणारी वस्तूसुद्धा फेकली जायची भीती होती. वर्कट्रीत मूळ रेपोच नोंद ठेवतो की माझी अमुक अमुक फोल्डरं आहेत, सगळा फरक तिथंच पडतो.

कमांड मी बोलतो तशी देवनागरीत लिहितो, टाइप करताना इंग्रजीत करा. मूळ फोल्डरमध्ये उभं राहून लिहायचं: गिट वर्कट्री अ‍ॅड, मग हायफन बी आणि नवीन ब्रँचचं नाव, मग नवीन फोल्डर कुठं पाहिजे तो पत्ता, आणि शेवटी कुठल्या ब्रँचवरनं फुटायचं ते. आमच्या बाबतीत हॉटफिक्स नावाची ब्रँच, पत्ता म्हणजे दोन टिंबं, तिरकी रेघ आणि बिलिंग-हॉटफिक्स, म्हणजे मूळ फोल्डरच्या शेजारी, आणि शेवटी मेन, म्हणजे मुख्य ब्रँच. एंटर मारला की शेजारी फोल्डर तयार, आत मेनवरच्या सगळ्या फाईली स्वच्छ मांडलेल्या, आणि माझं ई-वे बिलाचं अर्धवट काम मूळ फोल्डरमध्ये जिथल्या तिथं, हात न लागलेलं. इंटरनेट लागत नाही, काही डाउनलोड होत नाही. दुरुस्ती केली, कमिट केलं, की त्याच क्षणी मूळ फोल्डरमधून ती ब्रँच दिसते, पुश (पाठवणं) नको पुल (ओढून घेणं) नको, कारण वही एकच आहे. काम झालं की गिट वर्कट्री रिमूव्ह आणि फोल्डरचं नाव. ब्रँच जात नाही, नुसता माग मोकळा होतो. कुठं काय उघडलंय ते बघायचं असेल तर गिट वर्कट्री लिस्ट, त्यात प्रत्येक फोल्डरचा पत्ता आणि त्यात कुठली ब्रँच आहे ते एका ओळीत येतं. होसदु का नवीन हा प्रश्नच राहत नाही.

पोरांना मी एक गोष्ट करायला लावतो, ती तुमच्या वाचकांनी पण करून बघावी. त्या नवीन फोल्डरमध्ये डॉट-गिट बघा, ते फोल्डर नाहीच, साधी फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडा, एक ओळ दिसेल, गिटडिर आणि पुढं मूळ रेपोच्या आतला पत्ता, बास. त्या पत्त्यावर गेलात की मूळ डॉट-गिटच्या आत वर्कट्रीज नावाचं फोल्डर, त्यात ह्या मागाच्या नावानं एक कप्पा, आणि कप्प्यात ह्याचं स्वतःचं हेड आणि स्वतःचा इंडेक्स. म्हणजे आपण कुठल्या ब्रँचवर आहोत, कमिटसाठी काय काय घेऊन ठेवलंय, अर्धवट मर्ज किंवा रिबेस (आपली कमिटं दुसऱ्या कमिटवर परत रचणं) चालू आहे का, हे ज्याचं त्याचं. बाकी कमिटं, ब्रँचा, टॅग, रिमोट (दूरच्या रेपोचा पत्ता), सेटिंग, हुक (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) सगळं सामायिक. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

एक नियम आहे आणि पोरं तिथं चिडतात. एका फोल्डरमध्ये मेन उघडी असेल तर दुसऱ्यात मेन उघडता येत नाही, गिट सरळ नाही म्हणतंय आणि कुठं उघडी आहे तो पत्ता तोंडावर फेकतंय. एक बीम दोन मागांवर कसं चढेल? समजा चढवलं, ह्या फोल्डरमधनं तुम्ही कमिट केलं, ब्रँच एक पाऊल पुढं गेली, पण त्या फोल्डरमधल्या फाईली अजून जुन्याच, मग तिथं स्टेटस बघितलं तर असं दिसतं की तुम्ही आत्ता केलेला बदल कुणीतरी उलटा फिरवून ठेवलाय, आणि बघता न बघता तिथनं कमिट मारलं तर खरंच उलटा फिरतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये मी हेच करून बसलो होतो. जबरदस्तीचा फोर्स पर्याय आहे, पण पोरांना मी तो सांगतच नाही. नुसतं बघायला पाहिजे असेल तर डिटॅच करून, म्हणजे कुठल्या ब्रँचला न बांधता, उघडा.

कुणी म्हणेल दुसरा क्लोन काढला तर काय बिघडलं. बिघडत काही नाही, कॉपीपेक्षा तर बरंच बरं, आणि त्याच डिस्कवरच्या रेपोवरनं लोकल क्लोन काढला तर गिट हार्डलिंक (डिस्कवरची तीच फाईल दोन नावांनी) वापरतंय त्यामुळं सुरुवातीला जागा पण खात नाही, हे मी मान्य करतो. पण मग दोन वह्या झाल्या, फेच (दूरच्या रेपोवरनं नवीन कमिटं आणणं) दोनदा, हुक दोनदा, सेटिंग दोनदा, आणि ह्यातलं त्यात न्यायचं तर मधे पुश-पुल आलंच. शेअर्ड क्लोन म्हणून एक प्रकार आहे तो मात्र करू नका, त्यात नवीन रेपो स्वतःकडं काही न ठेवता जुन्याच्या खोलीतनं उसनं घेतो, आणि जुन्यानं एखादी ब्रँच उडवून साफसफाई केली की नवीन रेपो मोडून पडतो. माणसं वेगळ्या वेगळ्या मशीनवर बसत असतील तर मात्र क्लोनच पाहिजे, वर्कट्री एका मशीनवरच्या कामासाठी आहे. आमचं मशीन एकच होतं म्हणून सुरुवातीला ते लक्षात ठेवा म्हणालो.

स्टॅशबद्दल एवढंच सांगतो की दहा मिनिटांच्या कामाला ठीक आहे. तीन दिवसांचं काम त्यात कोंबलं की स्टॅशच्या यादीत पाच ओळी होतात आणि कुठली कशाची ते देवाला माहीत, शिवाय गिटला अजून न दाखवलेल्या नवीन फाईली वेगळं सांगितल्याशिवाय त्यात जातच नाहीत. आणि ब्रँच बदलली की बदललेल्या फाईलींवरची वेळ बदलते, बिल्ड करणाऱ्याला वाटतं सगळं नवीनच आहे, बस मग परत पहिल्यापासनं बिल्ड होईपर्यंत. दोन फोल्डरं असली की दोन बिल्ड तयारच असतात.

आता खड्डे, कारण मी नुसतं कौतुक करायला बसलो नाही. सगळ्यात मोठा खड्डा पेन ड्राइव्हचा. शनिवारी दुपारी माझ्याकडं चार-पाच इंजिनिअरिंगची पोरं येतात, प्रोजेक्ट असतो, घरचे पण सांगतात वर जाऊन बस जरा. त्यातल्या एका पोरीनं वर्कट्री शिकून घेतली, खूश झाली, आणि सोमवारी सबमिशनला नुसतं ते शेजारचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून कॉलेजात घेऊन गेली. तिथल्या मशीनवर गिट लॉग (आजवरच्या कमिटांची यादी) मारलं तर उत्तर काय, नॉट अ गिट रिपॉझिटरी! मॅडम समोर उभ्या, तिला घाम फुटलेला, मला फोन, काका सगळी हिस्ट्री गेली. हिस्ट्री कुठं जातेय, हिस्ट्री तिच्या घरी मूळ फोल्डरमध्ये बसलेली, पेन ड्राइव्हवर गेली ती एक ओळीची फाईल, ज्यात तिच्या घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता लिहिलाय. माग उचलून नेला, सुताची खोली घरीच. तर बाहेर न्यायचं असेल तर मूळ रेपो न्या, नाहीतर सरळ क्लोन काढून न्या. अलीकडच्या आवृत्त्यांत, २०२५ च्या जानेवारीतल्या २.४८ पासून, पत्ता रिलेटिव्ह (एकमेकांच्या जागेवरनं मोजलेला) ठेवायची सोय आली आहे, पण त्यानं मूळ रेपो आणि वर्कट्री एकत्र हलवलं तर चालतं एवढंच, एकटी वर्कट्री काय चालत नाही.

ह्याच्याच पोटात दुसरी गोष्ट, वर्कट्री म्हणजे बॅकअप नव्हे. पाच फोल्डरं दिसतात म्हणून पाच कॉप्या आहेत असं कुणी समजू नका, डॉट-गिट एकच आहे, मूळ फोल्डर उडवलं की बाकीची सगळी म्हणजे नुसत्या फाईलींचे ढीग. आमच्या एका ओळखीच्यानं हेच केलं, जागा कमी पडली म्हणून जुनं म्हणून जे उडवलं ते मूळ होतं.

फोल्डर काढायचं असेल तर रिमूव्हनंच काढा. ही कमांड सुरुवातीला नव्हतीच, २०१८ मध्ये २.१७ ला आली, त्याआधी फोल्डर हातानं उडवायचं आणि मग प्रून, म्हणजे मेलेल्या नोंदी छाटायची कमांड, म्हणायचं असं होतं. रिमूव्हचा फायदा म्हणजे आत कमिट न केलेलं काही राहिलं असेल तर ते काढायला नकार देतं. हातानं उडवलंच तर लगेच गिट वर्कट्री प्रून मारा, नाही मारलं तर नोंद लोंबकळत राहते, साफसफाईत ती आपोआप जाते खरी पण त्याला डीफॉल्ट तीन महिने लागतात, तोवर ती ब्रँच अडकलेली दिसते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता. फोल्डर हातानं दुसरीकडं सरकवलं असेल तर रिपेअर म्हणून कमांड आहे. आणि वर्कट्री बाहेरच्या डिस्कवर ठेवली असेल, नेहमी लावलेली नसते अशी, तर लॉक करून ठेवा, म्हणजे डिस्क दिसली नाही म्हणून प्रून तिची नोंद पुसणार नाही.

गिटच्या ताब्यात नसलेल्या फाईली नवीन फोल्डरमध्ये येत नाहीत हे पहिल्या दिवशी प्रत्येकाला नडतं. पासवर्डची एन्व्ह फाईल, नोड मॉड्यूल्सचं (बाहेरनं आणलेल्या तयार कोडचं) ते अगडबंब फोल्डर, सगळं परत घालावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे डेटाबेस, दोन्ही फोल्डरं एकाच लोकल डेटाबेसला जोडलेली असतात, एकात तुम्ही टेबलात नवीन रकाना घातला की दुसऱ्यातला जुना कोड बोंबलायला लागतो आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. आम्ही प्रत्येक वर्कट्रीला वेगळा डेटाबेस आणि वेगळा पोर्ट ठेवतो, नावात ब्रँचचं नाव. स्टॅश सामायिक आहे हे पण लक्षात ठेवा, इकडं स्टॅश केलेलं तिकडं पॉप होतं, म्हणजे बाहेर निघतं, येळ्ळूरच्या पोरानं माझं काम असंच स्वतःच्या फोल्डरमध्ये ओतून घेतलेलं, दोघं अर्धा तास बघत बसलो हे आलं कुठनं. आणि सबमॉड्यूल (रेपोच्या पोटात दुसरा रेपो) असलेला प्रोजेक्ट असेल तर जपून, गिटच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की तिथला सपोर्ट पुरा नाही.

शेवटचं, आणि हे तुमच्या छपाईबद्दल आहे, राग नसावा. लेखात जिथं जिथं दोन हायफन लागोपाठ पाहिजे होते तिथं छापताना एक लांब डॅश झालाय, तुमचं सॉफ्टवेअर आपोआप करत असणार. पोरांनी पेपर समोर ठेवून ते तसंच टाइप करायला घेतलं, एकानं तर पीडीएफमधनं कॉपी-पेस्ट केलं, आणि गिटनं अर्थातच ओळखलं नाही. आमच्याकडं रविवारी संध्याकाळी तीन फोन आले, तिघांचा प्रश्न हाच. तेव्हा पुढच्या रविवारी एक छोटी दुरुस्ती छापा, डॅशची आणि त्या कॉपीच्या चौकटीची, चौकट तेवढीच ठेवा, आतला मजकूर बदला. कमांड पाहिजे तर मी टाइप करून आणून देतो, तुमच्या ऑफिसवरनंच रोज जातोय.

हे पत्र लिहिता लिहिता मी आमच्या मशीनवर गिट वर्कट्री लिस्ट मारून बघितलं, सहा ओळी आल्या. चार कळतात. पाचवी येळ्ळूरच्या पोराची असणार, त्याला विचारतो. सहाव्या फोल्डरचं नाव आहे होसदु-२, आणि ते कुणी केलंय ते विचारायला मी आता खाली जातोय.

कळावे,
आपला एक वाचक,
वडगाव, बेळगाव